बोट कुठली घ्यायची

सन्मतीनं तीन बोटी पाठवल्यात.
म्हणजे तीन फोटो, खाली दर,
आणि "बाबा, रविवारपर्यंत सांगा, जूनमध्ये जागा राहत नाहीत."
त्या शहराचं नाव मला अजून नीट घेता येत नाही,
मधे एक अक्षर आहे, ते घशातच अडतं.
उत्तरेला आहे, एवढं कळलंय. बंदर आहे.
आमच्याकडे धड स्वेटर नाहीत, हेही कळलंय.

पहिली बोट काचेच्या टपाची.
तासाभरात अख्खं बंदर, कानाला लावायला यंत्र,
बारा भाषा, त्यांत आपली नाही.
दुसरी छोटी, उघडी,
जुन्या गोदामांमधल्या कालव्यांतून दोन तास.
तिसरी संध्याकाळची, जेवणासकट.

तिसरी शालननं फोटो न बघताच खोडली.
"दिवस मावळल्यावर मी पाण्यालासुद्धा तोंड लावत नाही,
बोटीत काय जेवू?"
सन्मतीला विचारलं. ती हसली,
इथं जूनमध्ये दिवस दहाला मावळतो, आई.
शालन गप्प. मग म्हणाली,
"दहापर्यंत उजेड? मग त्या लोकांना झोप कधी लागते?"
आणि तिसरी पुन्हा यादीत आली,
मासे सोडून काय देतात या चौकशीसह.

माझा जीव दुसरीवर.
चाळीस वर्षं मार्केट यार्डात हळद तोलली मी,
गोदाम दिसलं की आधी नाक पुढं जातं.
फोटोत लाल विटांच्या सात मजली भिंती,
वरच्या दारात माल ओढून घ्यायची कप्पी,
खाली पाणी थेट उंबऱ्याशी.
कॉफी, मिरी, गालिचे, असं लिहिलंय.
हळद लिहिलेली नाही.
पण कुठल्यातरी पोत्याच्या शिवणीत
राजापुरीचा एखादा कण असणारच, पैज लावतो.
आपण हळद जमिनीत ठेवली, हरिपूरच्या पेवांत,
त्यांनी पाण्याच्या कडेला माड्या बांधून.
पेवांत पुराचं पाणी शिरलं तेव्हा
कृष्णा दोन दिवस पिवळी वाहिली, असं मी सांगत असतो.
खरं नाही ते. गढूळच होती.

शालनला पाण्याचं वेगळं आठवतं.
गावभागात आमच्या गॅलरीला येऊन टेकलेली रबरी बोट,
केशरी जाकीट घातलेला विशीतला पोरगा,
"आजी, एकच पिशवी."
ती तेव्हा कुणाची आजी नव्हती. आणि पिशव्या तीन होत्या.
कुठली घेतली ते त्या गडबडीत मला दिसलं नाही,
पुढं शाळेच्या वर्गात उघडली तर
पितळी समई, रेशनकार्ड,
आणि सन्मतीचं दहावीचं भूमितीचं गाईड.
ती बोट कुणी निवडली नव्हती.
कुठं उतरवणार तेही कुणी सांगितलं नाही.
तेव्हापासून ती घाटावर येते, पायऱ्यांवर बसते,
नावेत पाय ठेवत नाही.
सन्मतीला यातलं काही ठाऊक नाही.
सांगू नका म्हणाली, म्हणून नाही सांगितलं.

काल रात्री चष्मा लावून मी दर वाचत होतो,
युरोला रुपयानं गुणत, तोंड वाकडं करत.
ती तूरडाळ निवडत होती.
मान वर न करता विचारलं,
"यातली कुठली जिथून बसवते तिथंच आणून सोडते?"
मी तिन्ही परत वाचल्या.
"तिन्ही."
"तसं लिहिलंय?"
"लिहिलंय."
ती पुन्हा डाळीकडे वळली.
एक खडा सापडला, तो तिनं बराच वेळ बोटात धरून ठेवला.

आज सकाळी घाटावर नाव लागली होती,
सांगलवाडीला निघालेली. तीन कॉलेजची पोरं, एक सायकल.
नावाडी आंबी, ओळखीचा.
विचारलं त्यानं, "पलीकडं उतरणार, का बसून परत?"
"बसून परत," शालन म्हणाली,
माझ्या आधी,
चपला हातात घेऊन.

मधल्या धारेत तिनं माझ्या मनगटावर
घड्याळासकट मूठ आवळली.
जायला यायला किती वेळ लागला
ते त्यामुळं बघता आलं नाही.